या हं, मावशी

हे खरं घडलंय. आधीच सांगून ठेवते, कारण अशा कथा वाचताना पहिल्याच ओळीला "हो का, बरं" म्हणणारी मुलगी मीच आहे.

म्हणजे, होते.

तारीख २ मे २०२५, शुक्रवार. वेळ... दुपारचे सव्वाचार.

रात्र नाही. अमावस्या नाही. लख्ख ऊन, हिरवंगार गवत आणि आपल्याच नादात चरणाऱ्या मेंढ्या. नेदरलँड्सच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्राच्या बांधामागे, एका शेतावरचं छोटंसं कॅम्पिंग. जागेचं नाव सांगणार नाही. तिथल्या मालकीणबाईंना तसा शब्द दिलाय.

मी चारुता, वय पंधरा. आम्ही बाडहूव्हडॉर्पला राहतो, जिथे विमानं जवळजवळ कौलांना घासून जातात. माझे आजी-आजोबा उइटहॉर्नला, सायकलने पाऊण तासावर. आजोबा तीस वर्षं रॉटरडॅमच्या बंदरात क्रेनच्या कामावर होते. निवृत्त झाले आणि आठव्या दिवशी त्यांनी एक जुनी कॅरॅव्हॅन घरासमोर आणून उभी केली. आजी दारात आली, तिने कॅरॅव्हॅनकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे घर ओढत न्यायचंय की मला?"

पण खरं तर तिलाच जास्त हौस होती. बैठकीच्या खोलीत नकाशा लावून तिने त्यावर लाल पेनाने रेघ ओढली होती. वर, वर, वर. डेन्मार्क, मग नॉर्वे. दोन महिने. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळल्या, म्हणायची, आता माझी.

शाळेला मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून पहिले चार दिवस मीही त्यांच्यासोबत जाणार होते. सोमवारी मला ट्रेनमध्ये बसवून ते पुढे निघणार होते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा.

आजी घरातून निघताना कधीही "जाते" म्हणत नाही. "येते" म्हणते. आणि कुणी आपल्याकडून निघालं, तर त्याला "जा" म्हणत नाही. "या हं" म्हणते. मी लहानपणी एकदा "आजी, जाते" म्हणाले, तर तिने मला दारातून परत बोलावून पाटावर बसवलं होतं आणि "येते" म्हणायला लावलं होतं. तुमच्याकडेही असंच असेल. आपल्याला त्यात काही वाटत नाही. आपल्याला माहीत असतं, की "या" म्हणजे खरं तर "आता निघा".

आजीचं डच चांगलं आहे. पण निरोप मात्र मराठीतच. टपाल आणणाऱ्या माणसालाही "या हं".

आणि मी... गेल्या वर्षापर्यंत आजीला सगळी उत्तरं डचमध्ये द्यायचे. मग इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मला सूत्रसंचालन करायला दिलं, मी तीन तास न अडखळता मराठी बोलले, आणि तेव्हापासून माझं तोंड काही बंद झालेलं नाही. कुणी विचारो, न विचारो, मी सगळ्यांसाठी भाषांतर करत सुटले होते.

त्या दिवशीही मीच केलं.

आम्ही तीनच्या सुमारास पोचलो. सहा जागांचं कॅम्पिंग, आणि आम्ही एकटेच. आजोबांनी पहिलं काम काय केलं, तर पाणसळ काढली. पाणसळ म्हणजे ती काचेची नळी, पिवळं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. ती कॅरॅव्हॅनच्या जमिनीवर ठेवायची. बुडबुडा नळीच्या मधोमध आला, की कॅरॅव्हॅन सपाट उभी आहे. एक बाजू खचली, की बुडबुडा उलट दिशेला, उंच बाजूकडे पळतो.

"बघ चारू," आजोबा म्हणाले. "हा कधी खोटं बोलत नाही. तुझ्या आजीसारखा नाही."

"ऐकतेय मी," आजी आतून म्हणाली.

बुडबुडा बरोब्बर मधे होता. मी स्वतः पाहिला.

मग आजोबा पाण्याचा कॅन भरायला शेतघराकडे गेले. आजीने बाहेर तीन खुर्च्या मांडल्या, आल्याचा चहा केला, शंकरपाळ्यांचा डबा उघडला.

आणि बांधावरून एक म्हातारी बाई उतरून आली.

पांढरे केस, राखाडी रेनकोट. इतक्या उन्हात रेनकोट... आणि तो ओला होता.

आजीला माणूस दिसलं, की खुर्ची पुढे करायची सवय. तिने आजोबांची खुर्ची सरकवली, चहा दिला आणि दोन मिनिटांत तिची "मावशी" करून टाकली. मावशींनी कप दोन्ही हातांत धरला, चमचा घेतला आणि ढवळत राहिल्या. टिण्... टिण्... टिण्. प्यायल्या नाहीत.

"कुठे निघालात?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

आजीने डचमध्ये सगळा नकाशा सांगितला. डेन्मार्क, नॉर्वे, सगळं.

"मी इथून कधीच कुठे गेले नाही," मावशी म्हणाल्या.

मग त्या उठल्या. आजीही उठली, हात जोडले आणि म्हणाली, "या हं, मावशी."

मावशी थांबल्या. माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणाली ती?"

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. कुणीतरी एकदाचं स्वतःहून विचारलं होतं. मी लगेच सांगितलं, "ती म्हणतेय, या."

"मी?"

"हो."

"कधी?"

"कधीही," मी म्हणाले. "ती सगळ्यांनाच म्हणते."

मावशी खूप वेळ आजीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असं कुणी त्यांना कधी म्हणालंच नसावं. मग त्या बांधाकडे चालू लागल्या, आणि मी शंकरपाळ्यांच्या डब्यात हात घातला. वर पाहिलं तेव्हा बांधावर फक्त मेंढ्या होत्या.

आजोबा परत आले आणि लगेच कुरकुरले. "खुर्च्यांखाली फळ्या ठेवा म्हटलं होतं ना. ओली माती आहे. बघा, पाय रुतले."

माझ्या खुर्चीचे चारही पाय बोटभर रुतले होते. आजीच्याही.

तिसरी खुर्ची मात्र... गवतावर जशीच्या तशी उभी होती. गवताचं एक पातंसुद्धा दबलं नव्हतं.

"ही कुणासाठी मांडली?" आजोबांनी विचारलं.

तिथे ठेवलेल्या चहावर जाड साय आली होती.

संध्याकाळी सातला, भरपूर उजेडात, आजी बेसिनमध्ये भांडी विसळत होती. पाणी जाईना. एका कडेला साचून राहिलं. आजोबांनी पाणसळ ठेवली.

बुडबुडा पुढे, दाराकडे पळाला होता. म्हणजे मागची बाजू खचली होती. मागे एक लांब बाक आहे, खिडकीखाली. रात्री तोच माझा पलंग.

"माती बसली असेल," आजोबा म्हणाले. त्यांनी जॅक लावून बाजू उचलली. बुडबुडा मधे आला. आम्ही तिघं खाली उतरून जेवायला बसलो. जेवण झाल्यावर पाहिलं तर...

बुडबुडा पुन्हा दाराकडे.

त्या रात्री मी बाकावरच झोपले, तेव्हा मला काही कळत नव्हतं. सकाळी जाग आली तर मी भिंतीला चिकटून, अंग चोरून झोपले होते. बाकाची बाहेरची अर्धी बाजू रिकामी. कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

शनिवारी आजोबांनी चार वेळा जॅक लावला. चौथ्या वेळी त्यांनी मला दाराशी, अगदी कडेला, बसवलं. "तुझं वजन किती?" "बावन्न." "बस. आता यायलाच हवा मधे."

आला नाही. थोडासा हलला, आणि मग... हळूच परत दाराकडे सरकला. मी आणि आजोबा दोघंही त्याच्याकडे बघत होतो.

"अहो," आजी बाहेरून म्हणाली. "माती नाही ती. कुणीतरी बसलंय तिथे."

 आजोबांनी पाणसळ पुसली, खिशात ठेवली, परत काढली, परत ठेवली. ती रात्र आम्ही तिघांनी गाडीत काढली.

रविवारी चार मे होता. त्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता इथे सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो, युद्धात गेलेल्यांसाठी. गाड्या थांबतात, दुकानं थांबतात. मालकीणबाईंनी अंगणात झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. आम्ही तिघं आणि त्या, असे चौघं झेंड्याजवळ उभे राहिलो. कॅरॅव्हॅन वीस पावलांवर. आत कुणी नव्हतं.

आठ वाजले.

वारा पडलेला. मेंढ्यासुद्धा गप्प.

आणि कॅरॅव्हॅनमधून...

टिण्... टिण्... टिण्...

कपात चमचा फिरत होता.

पूर्ण दोन मिनिटं. कुणालाच बोलता येत नव्हतं. हलता येत नव्हतं. मी आजीचा हात धरला. इतकी लांब दोन मिनिटं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

शांतता संपली तेव्हा मालकीणबाईंनी झेंड्याकडे पाहिलं नाही. आजीकडे पाहिलं.

"तुम्ही तिला काय म्हणालात?"

"कुणाला?" आजोबांनी विचारलं.

"आम्ही तिच्याशी बोलत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "माझी आईही बोलत नसे. बांधावर दिसली, तर मान हलवायची आणि आपल्या कामाला लागायचं. बस. तुम्ही काय म्हणालात?"

आजीने माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे.

मी सगळं सांगितलं. "मी?" "हो." "कधी?" "कधीही."

मला वाटलं मालकीणबाई रागावतील. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले. "मग मी काही करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी निघा. आणि कुणाला इथलं नाव सांगू नका."

मी खूप रडले. आजीने मला जवळ घेतलं. "तू बरोबरच सांगितलंस गं. 'या' म्हणजे याच की. चूक झाली असेल तर माझी. इतकी वर्षं म्हणत आले, अर्थ कधी मोजला नाही."

सोमवारी सकाळी आजोबा आजीला म्हणाले, "लतिका, सोपं आहे. तू बोलावलंस, तूच सांग. जा म्हण."

"घरी आलेल्या माणसाला जा कसं म्हणू?"

"घर नाही ते. कॅरॅव्हॅन आहे."

"मी म्हणते," असं म्हणून मी पायरीवर चढले आणि डचमध्ये जोरात सांगितलं, निघून जा. मराठीतही सांगितलं. बुडबुडा तसूभर हलला नाही. मी बोलावलंच नव्हतं. माझं तिने का ऐकावं?

शेवटी आजी वर गेली. दारात उभी राहिली. रिकाम्या बाकासमोर तिने हात जोडले. आजोबा पाणसळीजवळ वाकले होते, मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते.

 आजीने घसा खाकरला.

"मावशी..." ती म्हणाली. "जा आता."

बुडबुडा हलला.

खरंच हलला. दाराकडून निघाला. हळूहळू... मधल्या दोन रेघांकडे. आजोबांनी माझं मनगट घट्ट पकडलं. एक रेघ ओलांडली. आता मधे येणार... आलाच...

 आणि आजीला इतकं साधं वाक्य तसंच सोडवेना. आयुष्यभराची जीभ. ती घाईघाईने, अगदी मायेने म्हणाली,

"म्हणजे... जाऊन या हं."

बुडबुडा थांबला.

आणि परत दाराकडे गेला.

आजीने तोंडावर हात ठेवला. आजोबांनी पाणसळ उचलली. त्या क्षणी आम्हा तिघांनाही कळलं, की आता काहीही करता येणार नाही.

आम्ही डेन्मार्कला गेलो नाही. घराकडे वळलो.

वाटेत समुद्रातून जाणारा बत्तीस किलोमीटरचा बांध लागतो. दोन्ही बाजूंना पाणी, मधे रस्ता, मनात येईल तिथे थांबता येत नाही. कॅरॅव्हॅन सारखी झुलत होती. "मागे वजन आहे," आजोबा स्टीअरिंग धरून म्हणाले. "मागच्या बाकावर."

बांधाच्या साधारण मध्यावर झुलणं एकदम थांबलं. कॅरॅव्हॅन हलकी झाली. आजोबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि गाडीत बीप वाजायला लागला.

पट्टा न लावलेल्या सीटचा असतो ना, तो.

"चारू, सीटवरची बॅग खाली ठेव," आजोबा म्हणाले.

"बॅग डिकीत आहे, आजोबा."

बीप... बीप... बीप...

माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला खिडकीतून फक्त पाणी दिसत होतं. ओल्या कापडाचा वास येत होता.

आजीने मागे वळून पाहिलं नाही. अगदी शांत आवाजात म्हणाली, "चारू, मावशींचा पट्टा लाव."

मी लावला. डोळे बंद करून, हात लांब करून. पट्टा ओढताना तो मधेच... कशाला तरी वळसा घालून गेला.

बीप थांबला.

उइटहॉर्नला पोचेपर्यंत परत वाजला नाही.

कॅरॅव्हॅन आता गावाबाहेरच्या शेडमध्ये असते. आजोबा दर महिन्याला जाऊन पाणसळ ठेवून येतात. बुडबुडा मधोमध असतो. तिथे कुणी नाही.

घरात आजी तीन कप चहा टाकते. तिसऱ्यावर साय येते, मग ती तो ओतून टाकते. नकाशा अजून भिंतीवर आहे. मी विचारलं, "आजी, पुढच्या वसंतात नॉर्वेला जाणार ना?" तर म्हणाली, "पाहुण्यांना एकटं टाकून कसं जायचं गं?" ती आता दुकानातही जात नाही. कार्यक्रमांना येत नाही. आईला वाटतं आजी थकली. आजोबांनी आईला दोनदा सांगायचा प्रयत्न केला आणि दोनदा "जाऊ दे" म्हणाले. त्रास असा काही नाही. कुणी ओरडत नाही, काही फेकत नाही. एक पाहुणी आहे, ती जात नाही आणि आजीला तिला सोडून जाता येत नाही. याची तक्रार कुणाकडे करायची?

आजी आता कुणालाही "या" म्हणत नाही. मलाही "ये" नाही. मी निघाले की ती दारात येते, ओठ घट्ट मिटते, डोक्यावरून हात फिरवते. बस.

गेल्या रविवारीही तसंच. मी बूट घालत होते. आजी माझ्यासमोर उभी, ओठ मिटलेले. आजोबा बाहेर माझ्या सायकलच्या चाकात हवा भरत होते. मी दार उघडलं, एक पाऊल बाहेर टाकलं, आणि मागून, स्वयंपाकघरातून आवाज आला.

"या हं."

बारीक आवाज. "ह"वर जरा जास्तच जोर, डच माणसं देतात तसा.

आजी मला आयुष्यात कधी "या" म्हणालेली नाही. मला ती "ये" म्हणायची.

पण हे मला पुढच्या चौकात, सिग्नलला थांबल्यावर सुचलं. आणि दिवा हिरवा होऊन परत लाल झाला तरी मी तिथेच उभी होते.

कारण दारात मी विचार केलाच नव्हता. मागे वळूनही पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं आजीने शिकवलं होतं तसं, हसत, मोठ्याने उत्तर दिलं होतं.

"येते हं."